बजेटमध्ये आलेला आपल्या गावचा रस्ता नेमका कुठं अडकला, हे कसं शोधायचं

दर मार्चला हेच होते. मुंबईत बजेट मांडल्या जाते, संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअपवर बॅनर फिरतात, भाऊंच्या प्रयत्नातून अमुक कोटी मंजूर म्हणून, अन् पुढच्या दिवाळीच्या टायमाला सोयाबीन काढायला हडंबा (मळणीयंत्र) वावरात न्यायचा तर पांदणीतच चाक रुतून बसते. मंग पारावर भांडणं चालू, एक पार्टी म्हणते सरकारनं निधी रोखला, दुसरी म्हणते विरोधकांनी खोडा घातला. भांडण्यापेक्षा हे तपासा, मोबाईल अन् दहा रुपयात होते.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, विधानसभेत बजेट अडून आपल्याकडे सरकार बंद पडत नाही. अमेरिकेत 2025 मध्ये 1 ऑक्टोबरपासून 43 दिवस सरकारी कामकाज ठप्प होतं, त्याचे व्हिडिओ पाहून बरेच जण विचारत होते की आपल्याकडंही असं होईल का. आपल्याकडं राज्यघटनेच्या कलम 266 प्रमाणे कायदा केल्याशिवाय तिजोरीतून रुपया निघत नाही हे खरं, पण बहुमतवाल्या सरकारला विनियोजन विधेयक, म्हणजे तिजोरीतून पैसा काढायचा कायदा, 31 मार्चच्या आत पास करून घेता येते, अन् पूर्ण बजेट जमत नसलं तर लेखानुदान, म्हणजे तेवढ्या दिवसांच्या खर्चाची तात्पुरती मंजुरी, घेऊन चार महिने ढकलतात. 2024 मध्ये लोकसभेची निवडणूक होती म्हणून राज्याचं अंतरिम बजेट 27 फेब्रुवारीला आलं अन् पूर्ण बजेट 28 जूनला. विधान परिषद धन विधेयक फार तर 14 दिवस ठेवू शकते. अन् विधानसभेनंच एखाद्या खात्याच्या खर्चाची मागणी फेटाळली तर सरकारलाच घरी जावं लागते, त्यामुळं तशी वेळ सहसा येतच नाही.

मंग सभागृहातल्या गोंधळानं नुकसान कोणाचं होते, तर आपलं. 23 मार्च 2023 ला लोकसभेत गोंधळ चालू असतानाच सगळ्या खात्यांच्या मागण्या चर्चेशिवाय पास झाल्या, याला गिलोटिन म्हणतात. म्हणजे पैसा पास होते, पण तो कुठं जाते हे विचारायची संधी जाते. मला याचंच सगळ्यात वाईट वाटते.

आता कामाचं. कोणी म्हटलं की तुमचा रस्ता मंजूर झाला, तर पहिला प्रश्न एकच विचारायचा, कोणत्या हेडमधून? हेड म्हणजे लेखाशीर्ष, चार आकडी नंबर असतो. 5054 म्हणजे रस्ते-पुलांचं मोठं काम, 3054 म्हणजे रस्त्यांची दुरुस्ती, अन् 2515 तर सगळ्या सरपंचांना तोंडपाठ, गावातला सिमेंट रस्ता, सभामंडप असली आमदारांनी सुचवलेली कामं त्यातून होतात. काम रोहयोतलं असलं किंवा वित्त आयोगाच्या निधीतलं असलं तर मुंबईच्या बजेटची वाट पाहण्यात अर्थ नाही, ते ग्रामपंचायतीच्या आराखड्यात अन् ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या सरकारी साइटवर शोधा. जिल्हा नियोजनचं असलं तर कलेक्टर ऑफिसच्या नियोजन शाखेत. हेड सांगता आला नाही तर समजून घ्या की सांगणाऱ्याकडं कागद नाही, बॅनरच आहे.

हेड मिळाला की जीआर काढा. राज्य शासनाच्या शासन निर्णयांच्या साइटवर विभाग निवडून तारखेप्रमाणे शोधता येते, फुकट आहे. वरची चार पानं संदर्भ अन् प्रस्तावनेतच जातात, ती सोडा, सरळ शेवटचं परिशिष्ट उघडा. तिथं तक्त्यात अनुक्रमांक, तालुका, कामाचं नाव, अन् लाखात रक्कम असते. गावाचं नाव बारीक तपासा, कारण बुद्रुकचं खुर्द झालेलं असलं की काम शेजारच्या गावात जाते अन् शुद्धीपत्रक निघेपर्यंत वर्ष जाते. रक्कमही नीट पाहा. काम कोटीचं अन् या वर्षाची तरतूद फक्त हजार रुपये, असंही असते, त्याला टोकन म्हणतात, कामाचं नाव पुस्तकात आलं एवढाच त्याचा अर्थ, त्यावर खडीची एक ट्रॉलीही येत नाही.

तरतूद पुरेशी दिसली तरी पैसा सुटला का हे वेगळं पाहावं लागते. त्यासाठी बीम्स नावाची सरकारी सिस्टिम आहे, महाकोश या राज्याच्या कोषागाराच्या साइटवर. त्यात खातं अन् हेड टाकून बजेट किती, वाटप किती, खर्च किती हे तीन आकडे दिसतात. गावाचं नाव तिथं सापडणार नाही, पण वाटपच अर्ध्यावर असलं तर ठेकेदार काम सोडून का पळाला ते कळते.

राजकारणाचे अडथळे इथून पुढं लागतात. जुलै 2022 मध्ये सरकार बदललं अन् आधीच्या सरकारनं मंजूर केलेल्या कामांवर स्थगिती आली, प्रकरण हायकोर्टात गेलं. म्हणून जीआर जुन्या सरकारचा असला तर त्यानंतर स्थगितीचं किंवा स्थगिती उठवल्याचं पत्र निघालं का ते मागाच. जिल्हा नियोजन समितीचा अध्यक्ष पालकमंत्री असतो, त्याचं नाव ठरेपर्यंत बैठक लटकते. जानेवारी 2025 मध्ये रायगड अन् नाशिकच्या पालकमंत्र्यांची नावं जाहीर होऊन दुसऱ्याच दिवशी स्थगित झाली होती. अन् आपल्या विदर्भाचं वैधानिक विकास मंडळ, त्याची मुदत 30 एप्रिल 2020 ला संपली, पुढच्या मार्चच्या अधिवेशनात मंडळाचा विषय राज्यपालांकडं अडकलेल्या विधान परिषदेच्या 12 नियुक्त आमदारांच्या नावांशी बांधल्या गेला. मुंबईतल्या भांडणात अनुशेषाची, म्हणजे मागं राहिलेल्या विकासाची, चौकशी करणारं मंडळच बंद राहिलं. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी 1988 ची, तेव्हाचा खर्च 372 कोटी धरला होता, नंतर तो हजारो कोटींवर गेला. उशीर झाला की खर्च वाढते, अन् भरतो आपणच.

एवढं करूनही कळत नसलं तर माहिती अधिकार. दहा रुपयाचं कोर्ट फी स्टॅम्प, महाराष्ट्रात अर्ज 150 शब्दांच्या आत अन् एकाच विषयाचा पाहिजे. "रस्ता काहून झाला नाही" असं लिहू नका, त्याचं उत्तर येत नाही. कागद मागा, म्हणजे या कामाच्या प्रशासकीय मान्यतेची प्रत, तांत्रिक मान्यतेची प्रत, कार्यारंभ आदेश, मिळालेल्या निधीच्या वितरण आदेशाची प्रत. जो कागद "उपलब्ध नाही" म्हणून येईल, काम तिथंच अडलेलं आहे. 30 दिवसात उत्तर नाही आलं तर पहिलं अपील करा, त्याला कचरायचं काही काम नाही.

टाइम महत्त्वाचा आहे भाऊ. मार्चमध्ये धावपळ करून फायदा नसतो, 31 तारखेला न वापरलेला निधी परत जाते. पुरवणी मागण्या, म्हणजे बजेटनंतर मागितलेला जादा पैसा, पावसाळी अन् हिवाळी अधिवेशनात येतात अन् त्या लहान नसतात, जुलै 2024 मध्ये 94,889 कोटींच्या होत्या. म्हणजे बजेटमध्ये सुटलेलं काम तिथून घुसवता येते. हिवाळी अधिवेशन नागपूरले म्हणजे आपल्या दारात, साधारण डिसेंबरात. दिवाळी झाली की लगेच ग्रामसभेचा ठराव, जीआरची प्रत अन् माहिती अधिकारातून आलेले कागद एका फाइलीत लावा, वर हेड नंबर मोठ्या अक्षरात लिहा, आमदारांना चार-पाच जणांनी मिळून भेटा अन् पोच घ्या. दुसरी प्रत विरोधी पक्षाच्या आमदाराला द्या, सभागृहात मंत्र्याला उत्तर द्यायला लावणारी लक्षवेधी सूचना तोही लावू शकते.