पणजोबांच्या जपानी तलवारीवरची सही कुणाची, कितव्या पिढीची?

बेळगाव-खानापूरकडं मराठा लाईट इन्फंट्रीतनं बर्मात लढून आलेल्या पणजोबांची जपानी तलवार माळ्यावर सापडली तर आधी ते सँडपेपर ठेवा बघू बाजूला! मुठीतली बांबूची खुंटी हळू ठोकून काढली की मूठ सुटते, घडवणाऱ्या लोहाराची सही आतल्या लोखंडी दांड्यावर असते, आणि तिथला काळपट गंज घासायचा नाही म्हणजे नाही, वय त्यावरनंच कळतं. टॉर्च तिरका धरून फोटो काढा.

नाव जुळलं म्हणून नाचू नका, एकच नाव पिढ्यान्‌पिढ्या चालतं. जपानातल्या हिझेन प्रांतातला तलवारी घडवणारा तादायोशी घ्या की, पहिल्यानं १६२४ मध्ये मुसाशी दाइजो किताब मिळाल्यावर तादाहिरो नाव घेतलं, पोरगा ओमी दाइजो तादाहिरो, आणि नातू परत मुत्सु नो कामी तादायोशी. म्हणून आधी किताब वाचा, मग छिन्नीचा एकेक फटका खात्रीच्या नमुन्याशी ताडा. या घराण्याची कटानावरची (धार वर करून कमरेला खोचायची तलवार) सही बहुतेक उलट्या म्हणजे ताचीच्या (धार खाली ठेवून लटकवायची जुनी तलवार) बाजूला असते, इतरांची सहसा तशी नसते.

खोट्या सह्या ढिगानं आहेत, मी तर नाव झाकून आधी पातंच बघतो. दांड्यावर सेकी या जपानी तलवारींच्या गावाचा बारका ठसा दिसला तर पातं महायुद्धाच्या काळातलं.