क्षेत्रनोंदींच्या जोडीला चिंतनपर नोंद कशी लिहावी

गुणात्मक संशोधनात, म्हणजे लोकांमध्ये जाऊन पाहून-ऐकून केलेल्या अभ्यासात, क्षेत्रनोंद (तेथे पाहिले-ऐकले त्याची नोंद) लिहिणारा स्वतःही त्या प्रसंगात हजर असतो. तरीही बहुतेक नोंदवह्यांत तो कुठेच दिसत नाही. चिंतनपर नोंदीचे, म्हणजे आपण काय व कसे पाहिले हे तपासणाऱ्या नोंदीचे, काम येथून सुरू होते.

वहीच्या पानाचे उभे दोन भाग करावेत. डावीकडे पाहिले व ऐकले तेवढेच, शक्यतो बोलणाऱ्याच्याच शब्दांत लिहावे. उजवी बाजू त्याच रात्री भरावी, कारण दिवस उलटला की ऐकलेले आणि आपण जुळवलेले यांतील सीमारेषा पुसट होते.

उजवीकडे काय लिहायचे, हा खरा प्रश्न. ‘आज थकवा आला’, ‘लोक फार प्रेमळ आहेत’ अशा वाक्यांनी पान भरते, नोंद सुधारत नाही. त्याऐवजी डावीकडील विशेषणे व क्रियाविशेषणे अधोरेखित करून प्रत्येकाला आधार काय, ते तपासावे. समजा, पाण्याच्या टँकरच्या रांगेविषयी ‘बायका शांतपणे उभ्या होत्या’ असे लिहिले आहे. बोलणे मुळातच नव्हते, की संशोधक सरपंचांसोबत येताना दिसल्यावर ते थांबले? रांगेत शेवटी कोण होते, आणि त्यांच्याशी आपण बोललो का? अशा प्रश्नांतून उद्याचे काम निघते: एकट्याने जाणे, टँकरच्या आधी पोहोचणे, रांगेच्या शेवटी उभे राहणे. ज्या चिंतनातून पुढच्या निरीक्षणात काहीच बदलत नाही, ती माझ्या मते नुसती रोजनिशी होय.

आपण कोणाच्या आश्रयाने गावात राहतो, हेही लिहावे. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी १९४८ मध्ये कर्नाटकातील ज्या गावाचा अभ्यास केला (त्याला त्यांनी रामपुरा हे नाव दिले), तेथे त्यांचा मुक्काम गावच्या पाटलाच्या मालकीच्या घरात होता. आपल्याला गाव मुख्यतः वरच्या जातींच्या नजरेतून दिसले, हे त्यांनी पुढे मान्य केले. राग आणि कंटाळाही वगळू नये. मानवशास्त्रज्ञ मालिनोव्स्की यांची, पॅसिफिकमधील ट्रोब्रिअंड बेटांवर अभ्यास करतानाची, चिडचिड खासगी रोजनिशीत राहिली आणि ती १९६७ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाल्यावर अभ्यासकांना धक्का बसला.

मत बदलले तर जुनी नोंद खोडू नये. तारीख घालून वेगळ्या शाईने खाली लिहावे. गावकऱ्यांसाठी वापरलेली सांकेतिक नावेच उजवीकडेही वापरावीत, कारण मोकळेपणाने लिहिताना ओळख उघड होण्याचा धोका तेथेच अधिक असतो.