चार काड्या असूनही कॉल अडकतो तेव्हा

गिरगावातल्या जुन्या चाळीची मागची खोली. सिम घालून वायफाय देणाऱ्या छोट्या हॉटस्पॉटवर चार काड्या, तरी व्हिडिओ कॉल अडकायचा. काड्यांवर विसंबू नका. तेच सिम अँड्रॉइड फोनमध्ये घालून सेटिंग्ज, अबाउट फोन, सिम स्टेटस असं गेलं की सिग्नलची ताकद डीबीएम या एककात दिसते; आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला. उणे ९०च्या आसपास झकास, उणे ११०च्या खाली गेला की रडगाणं. इथे खिडकीच्या कठड्यावर उणे ९२ आणि कपाटाशेजारी उणे ११४. मधे जेमतेम दहा फूट!

कारण बँडचं, म्हणजे सिग्नल कोणत्या फ्रिक्वेन्सीवर येतो त्याचं. २३०० मेगाहर्ट्झवर वेग मिळतो, पण जाड भिंत त्याला सोसत नाही. ८५० आणि ९०० आतपर्यंत शिरतात, गर्दीच्या वेळी मात्र मंदावतात. म्हणून डिव्हाइसमध्ये बँड ३ (१८००), ५ (८५०), ८ (९००) आणि ४० (२३००) आहेत ना, ते आधी बघा. काही स्वस्त हॉटस्पॉट एकाच कंपनीचं सिम घेतात. दुकानातच दुसरं सिम घालून पाहा.

डिव्हाइस खिडकीत ठेवलं, काम झालं. आतल्या खोलीपर्यंत वायफाय २.४ गिगाहर्ट्झवर ठेवा, ५ वर नको. कायम चार्जरला लावून ठेवलं तर बॅटरी फुगू शकते, आणि खिडकीतलं ऊन त्यात भर घालतं.

प्लॅन रोज २ जीबीचा असेल तर ग्रुप कॉलचे दोन तास आणि खेळ खलास. पुढे ६४ केबीपीएसवर मेलसुद्धा रांगतो. आठवड्यातून दोनच दिवस घरून काम करणाऱ्याला महिन्याचा एकगठ्ठा डेटा परवडतो. पोर्ट करायच्या आधी शेजाऱ्याचं सिम रात्री नऊला लावून बघा, दुपारी नव्हे.