कुष्ठरोगाच्या चट्ट्याचा बायोप्सी अहवाल कसा वाचावा

ठाणे आणि नवी मुंबईच्या दमट हवेत अंगावर फिकट डाग दिसला की बहुतेक घरांत तो शिबे किंवा गजकर्ण समजून मलम लावले जाते, आणि पुष्कळदा तो अंदाज बरोबरही असतो. मात्र डाग खाजत नसेल, त्यावर घाम येत नसेल आणि स्पर्श कळत नसेल, तर मलमावर विसंबू नये. आधी निरोगी त्वचेवर बॉलपेनचे टोक हलकेच टेकवून दाखवावे, मग रुग्णाला डोळे मिटायला सांगून ते डागावर टेकवावे आणि जिथे स्पर्श जाणवला तिथे बोट ठेवायला सांगावे. संवेदना निश्चितपणे हरवलेली असेल तर तेवढ्यावरून डॉक्टर कुष्ठरोगाचे निदान करू शकतात. शंका उरली तरच बायोप्सी करतात, आणि तिच्यासाठी त्वचेचा तुकडा डागाच्या सक्रिय कडेवरून, खालच्या चरबीपर्यंत खोल घेतात.

अहवाल हातात आला की जंतूंची संख्या शोधण्याची घाई करू नये. त्वचेत कोणत्या पेशी जमल्या आहेत ते आधी वाचावे. चट्ट्याचे रूप जंतूंपेक्षा अधिक आपल्याच प्रतिकारपेशी ठरवतात, ही गोष्ट कळली की पुढचे सगळे सोपे होते.

अहवालात ‘एपिथेलिऑइड पेशी’, ‘लँगहान्स महापेशी’ आणि भोवती लसीका पेशींचे कडे असा उल्लेख असेल, तर शरीराचा प्रतिकार जोरदार आहे असे समजावे. येथे सीडी-4 प्रकारच्या टी पेशी, म्हणजे प्रतिकार चेतवणाऱ्या पांढऱ्या पेशी, इंटरफेरॉन गॅमा हे संकेतद्रव्य सोडतात, त्यामुळे मॅक्रोफेज या भक्षक पेशी चेतवल्या जातात आणि घट्ट गाठ, म्हणजे ग्रॅन्युलोमा, बांधून जंतूंना मारतात. चट्टे मोजके आणि स्पष्ट कडांचे असतात, जंतू जवळजवळ सापडत नाहीत. परंतु हे वाचून निश्चिंत होऊ नये. जंतू मज्जातंतूंच्या आवरणातील पेशींत दडलेले असतात, आणि त्यांच्यावरील हल्ल्यात मज्जातंतूच नष्ट होतो. वागळे इस्टेटमधल्या एखाद्या कारखान्यात गरम धातू हाताळणाऱ्याला तळहात भाजल्याचे कळत नाही, ते या झुंजीमुळे. जंतू फार झाले म्हणून नव्हे.

याउलट ‘फेसाळ मॅक्रोफेज’ आणि बाह्यत्वचेखाली ‘ग्रेन्झ झोन’ नावाचा मोकळा पट्टा लिहिलेला असेल, तर प्रतिकार मंदावलेला आहे. येथे सीडी-4 पेशी कमी आणि सीडी-8 या दुसऱ्या प्रकारच्या टी पेशी तुलनेने जास्त असतात, इंटरल्युकिन-10 सारखी द्रव्ये भक्षक पेशींना शांत ठेवतात, आणि त्या पेशी जंतूंना गिळूनही मारू शकत नाहीत. मेदाने भरल्यामुळे त्या फेसाळ दिसतात. जंतूंना थंडावा मानवतो, म्हणून कानाच्या पाळ्या आणि नाक आधी जाडसर होतात. फाइट रंजनात, म्हणजे जंतू दिसावेत म्हणून तुकड्याला दिलेल्या रंगात, जंतूंचे पुंजके दिसतात.

ही दोन टोके आणि त्यांच्या मधल्या पायऱ्या रिडले आणि जॉपलिंग यांनी 1966 मध्ये मांडल्या: टीटी (ट्युबरक्युलॉइड, जोरदार प्रतिकाराचे टोक), बीटी, बीबी, बीएल (‘बी’ म्हणजे बॉर्डरलाइन, सीमेवरचे) आणि एलएल (लेप्रोमॅटस, मंद प्रतिकाराचे टोक). मधल्या तीन पायऱ्या अस्थिर असतात, म्हणून तशा अहवालाच्या रुग्णावर माझ्या मते सर्वांत जास्त लक्ष ठेवावे.

कारण उपचार चालू असताना, कधी संपल्यानंतरही, जुने चट्टे अचानक लाल होऊन सुजतात, कोपरामागची किंवा गुडघ्याजवळची नस (मज्जातंतू) दुखते, बोटांतली शक्ती जाते. गोळ्या बाधल्या असे मानून अनेक जण औषध सोडतात, आणि हे पाहताना फार वाईट वाटते. ही पहिल्या प्रकारची प्रतिक्रिया होय: टी पेशी जंतूंच्या उरलेल्या अंशांवर नव्याने तुटून पडलेल्या असतात. दुसऱ्या प्रकारची प्रतिक्रिया बीएल आणि एलएल रुग्णांत दिसते. तापासह नव्या दुखऱ्या गाठी येतात आणि त्यांत न्यूट्रोफिल पेशी सापडतात. दोन्हींत एमडीटीच्या, म्हणजे कुष्ठरोगावरील बहुऔषध उपचाराच्या, गोळ्या चालूच ठेवाव्यात आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. नसेला इजा होत असेल तर प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड देऊन कित्येक आठवड्यांत हळूहळू कमी करतात. कमजोरी सहा महिन्यांच्या आतली असेल तर ती भरून येण्याची आशा बरीच असते, त्यानंतर ही आशा झपाट्याने मावळते.

एमडीटी सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत मिळते. पाचपर्यंत चट्टे असल्यास सहा महिने, त्याहून अधिक असल्यास बारा महिने. वडाळ्याचे अ‍ॅकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय ठाण्याहून फार दूर नाही. बायोप्सी अहवालाची प्रत औषधाच्या कार्डासोबत ठेवावी, म्हणजे सूज आल्यावर समोरच्या डॉक्टरांना रुग्ण बीटी आहे की एलएल, हे पहिल्याच मिनिटाला कळेल.