अण्णांच्या नावावरची आयकराची मागणी अशी मिटली

आमचे अण्णा निवृत्त शिक्षक, राहणार परभणी. रिटर्न भरल्यावर बंगळुरूच्या सीपीसीकडून, म्हणजे आयकर खात्याच्या रिटर्न तपासणाऱ्या केंद्राकडून, कलम १४३(१) ची सूचना आली: टीडीएस (आधीच कापलेला कर) नामंजूर, कर आणि व्याज भरा. अण्णांचा जीव टांगणीला लागला. "आयुष्यात कुणाची दमडी ठेवली नाही," एवढंच म्हणत राहिले.

मी फॉर्म २६एएस, म्हणजे पॅनवर जमा झालेल्या कराचा खात्याकडचा उतारा, काढून पासबुकाशेजारी ठेवला. पासबुकात मुदत ठेवीच्या व्याजावर कर कापल्याची नोंद ठसठशीत, २६एएसमध्ये मात्र ती ओळच नाही. बँकेत विचारल्यावर उलगडा झाला. बँकेनं भरलेल्या टीडीएस विवरणपत्रात अण्णांच्या पॅनचा एक अंक चुकला होता. "बघतो, करतो" यावर विसंबू नका. मी लेखी अर्ज दिला आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घेतली. मग कामाला वेग आला.

तोवर गप्प बसणं धोक्याचं. सूचनेनंतर ३० दिवस उलटले की कलम २२०(२) खाली दरमहा १ टक्का व्याज चढतं, आणि पुढचा परतावाही मागणीत वळता होऊ शकतो. म्हणून आयकराच्या ई-फायलिंग पोर्टलवर ‘रिस्पॉन्स टू आउटस्टँडिंग डिमांड’ (थकीत मागणीला उत्तर) मध्ये जाऊन मागणी मान्य नसल्याचं कारणासह लगेच नोंदवलं.

बँकेनं दुरुस्ती विवरणपत्र भरल्यावर २६एएसमध्ये ती रक्कम दिसू लागली. मगच कलम १५४ खाली दुरुस्तीची विनंती टाकली. आधी टाकली असती तर जुन्याच आकड्यांवर पुन्हा तोच निकाल आला असता. यासाठी पोर्टलवर शुल्क नाही. नव्या आदेशात मागणी शून्य झाली, व्याजासकट.