कॅन्सरचं ऑपरेशन ठरलंय? भुलीबद्दल काय विचारायचं आणि कशाची काळजी सोडायची

ऑपरेशनची तारीख मिळाली की घरात हा प्रश्न निघतोच, गॅसची भूल घ्यायची की शिरेतून देतात ती, कारण कुणीतरी कुठेतरी वाचलेलं असतं की गॅसने कॅन्सर परत येतो. ही भीती हवेतून आलेली नाहीये. ऑपरेशनच्या ताणाने स्ट्रेस हार्मोन्स वाढतात, कॅन्सरच्या पेशींना मारणाऱ्या एनके पेशी काही दिवस मंदावतात, आणि नेमकं त्याच वेळी गाठ हाताळताना काही पेशी रक्तात सुटू शकतात. लॅबमध्ये दिसलं की सेवोफ्लुरेनसारखा गॅस आणि मॉर्फिनसारखी औषधं एनके पेशींना अजून दाबतात, शिरेतून देतात ते भुलीचं औषध, प्रोपोफॉल, तेवढं नाही. 2016 मध्ये लंडनच्या रॉयल मार्सडेन हॉस्पिटलमधल्या 7,000 हून जास्त पेशंटच्या जुन्या नोंदी तपासल्या, त्यात प्रोपोफॉलवाले जास्त जगलेले दिसले.

पण जुन्या नोंदींमध्ये कुणाला कुठली भूल द्यायची हे डॉक्टरांनी पेशंटची तब्येत बघून ठरवलेलं असतं, त्यामुळे दोन्ही गट मुळात सारखे नसतात. खरी तुलना चिठ्ठी टाकून गट पाडले तरच होते. तशी एक मोठी चाचणी 2019 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली, ब्रेस्ट कॅन्सरच्या 2,000 हून जास्त बायका, 8 देश, एका गटाला छातीच्या नसांचा ब्लॉक (म्हणजे इंजेक्शनने नसा बधिर करणं) आणि प्रोपोफॉल, दुसऱ्याला सेवोफ्लुरेन आणि ओपिऑइड, म्हणजे मॉर्फिनसारखी औषधं. कॅन्सर परत आला तो दोन्हीकडे साधारण 10 टक्के जणींना. म्हणून माझं स्पष्ट मत, फक्त या भीतीपोटी अमुकच भूल द्या म्हणून अडून बसू नका, आणि भूल गॅसची झाली म्हणून नंतर स्वतःला दोष तर अजिबात देऊ नका.

एक वेगळी गोष्ट मात्र सर्जनला जरूर विचारा. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी 2023 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत ब्रेस्टची गाठ काढायच्या 7 ते 10 मिनिटं आधी गाठीभोवती लिडोकेन टोचलं, म्हणजे जागा बधिर करायचं साधं औषध, आणि 5 वर्षांनी आजार परत न येता जगणाऱ्यांचं प्रमाण 82.6 वरून 86.6 टक्के झालं. हे ब्रेस्ट कॅन्सरच्या सुरुवातीच्या स्टेजला आणि ऑपरेशनआधी केमो न घेतलेल्या बायकांमध्ये दिसलंय, ते सगळ्या कॅन्सरला लावू नका, पण तुमची केस तशी असेल तर विचारायला काय हरकत आहे?

आता भूलतज्ज्ञांशी बोलायचं ते. फिटनेसच्या तपासणीला गेलात की फक्त सही करून येऊ नका, ही भेट तुमची आहे. सगळ्यात आधी दुखण्याचं विचारा: "ऑपरेशननंतर दुखणं कसं कमी ठेवणार, ब्लॉक किंवा एपिड्युरल (पाठीतून देतात ते बधिर करायचं इंजेक्शन) होईल का?" कारण दुखत असेल तर माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, उठून चालत नाही, मग छातीत कफ साठतो, पायात गुठळ्या व्हायचा धोका वाढतो, घरी जाणं लांबतं आणि पुढची केमो लांबते. आणि केमो वेळेवर सुरू होणं हे गॅस की प्रोपोफॉल या वादापेक्षा कितीतरी महत्त्वाचं आहे. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आत्ताच सांगा, ती वेळेवर बंद केली नसेल तर पाठीतलं इंजेक्शन बऱ्याचदा देता येत नाही, पण स्वतःच्या मनाने बंदही करू नका.

गाडी लागते का, आधीच्या भुलीनंतर उलट्या झाल्या होत्या का, हेही सांगा. बायकांना आणि सिगारेट न ओढणाऱ्यांना हा त्रास जास्त होतो, आणि इथे प्रोपोफॉलचा खरोखर फायदा आहे, मळमळ कमी होते.

अंग गरम कसं ठेवणार हे कुणी विचारत नाही, तुम्ही विचारा. 1996 च्या एका चाचणीत आतड्याच्या ऑपरेशनमध्ये ज्यांचं अंग गार पडू दिलं त्यांच्यातल्या 19 टक्के लोकांच्या जखमेत इन्फेक्शन झालं, गरम ठेवलेल्यांमध्ये फक्त 6 टक्के.

बाकी तुमच्या हातातलं: सिगारेट, तंबाखू आजच बंद, हिमोग्लोबिन कमी असेल तर तारखेच्या आदल्या दिवशी नाही तर आत्ताच उपचार सुरू, शुगर ताब्यात. रोजच्या सगळ्या गोळ्यांची चिठ्ठी करून न्या, वजन कमी करायचं किंवा शुगरचं आठवड्याचं इंजेक्शन असेल तर तेही लिहा, कारण त्याने पोट उशिरा रिकामं होतं आणि भूल देताना पोटातलं फुप्फुसात जाऊ शकतं.