वळीव पडला, उकिरडा अजून तापलेला: कच्चे खत वाफ्यात घालू नका

मृग तोंडावर आला की परसबागेत एकच घाई सुरू होते. गोठ्यामागचा उकिरडा उपसायचा, बुट्ट्या भरून वाफ्यात ओतायच्या आणि वर दोडका, भेंडी, पोकळा टोकून मोकळे व्हायचे. यंदा बी टोकण्याआधी खत कुजले आहे का, एवढे तपासाच. कच्च्या शेणखताने बागा बसतात आणि दोष जातो बियाण्यावर, हे दर पावसाळ्यात दिसते.

तपासायला खर्च नाही. लोखंडी सळई उकिरड्यात हातभर खुपसा, दहा मिनिटांनी ओढून लगेच मुठीत धरा. गरम लागली तर खत कच्चे. थंड लागली तरी हुरळून जाऊ नका, कारण कोरडा पडून कुजणे थांबलेला उकिरडाही थंडच असतो. म्हणून ओंजळभर खत ओलसर करून प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधा आणि तीन दिवस सावलीत ठेवा. उघडताना नाकाला झोंबणारा किंवा नासका वास आला तर थांबा. पहिल्या पावसानंतर मातीला येतो तसा वास हवा. तरीही शंका असेल तर एका वाटीत खत आणि एका वाटीत माती घेऊन दोन्हींत मेथीचे वीस-वीस दाणे टाका. पाचव्या दिवशी खतातली मेथी मातीतल्या मेथीच्या बरोबरीने उगवलेली दिसली पाहिजे. अनुभवाची आणखी एक खूण आहे, शास्त्रात बसो न बसो: उकिरड्याच्या कडेला आपोआप उगवलेला पोकळा हिरवागार असेल, तर त्या कडेचे खत बहुधा तयार असते.

कच्चे खत तीन बाजूंनी मारते. त्यातली उष्णता आणि अमोनिया कोवळी मुळे भाजतात. त्यात पाचट, भुसा असेल तर ते कुजवणारे जिवाणू जमिनीतला नत्र स्वतःसाठी ओढतात आणि रोपे पिवळी पडतात. इथेच माणूस दुकानात धावतो आणि टॉनिकची महागडी बाटली घेऊन येतो. खत कच्चे असताना बाटलीने मुळे सुधारत नाहीत. पैसे राखा.

तिसरी बाजू मुळे कुरतडणाऱ्या हुमणी अळीची, आणि आत्ता घाई आहे ती तिच्यामुळे. वळीव झाला की दिवस मावळताना हुमणीचे भुंगेरे जमिनीतून निघतात, कडुनिंब-बाभळीचा पाला खातात आणि मातीत अंडी घालतात. लहान अळी आधी मातीतल्या कुजत्या काडीकचऱ्यावर जगते, मग मुळांकडे वळते. कच्च्या खताचा वाफा म्हणजे तिला आयते ताट. नुकसान दिसते ऑगस्ट-सप्टेंबरात. वाफ्यात ओल असूनही वांग्याचे झाड मान टाकते, धरून ओढले की सहज हातात येते, मुळ्या कुरतडलेल्या असतात आणि खालच्या मातीत अर्धगोल वळलेली, मळकट पांढरी, तांबूस डोक्याची अळी निघते. तोवर झाड हातचे गेलेले असते. उकिरड्यात सापडणारी बोटाएवढी जाड अळी मात्र बऱ्याचदा नारळ पोखरणाऱ्या गेंड्या भुंग्याची असते. परड्यात नारळ असेल तर तीही वेचून मारा.

वळीव झाल्यापासून रोज संध्याकाळी ७ ते ९ अंगणातल्या दिव्याखाली घमेल्यात पाणी आणि थोडे रॉकेल ठेवा, पडलेले भुंगेरे नष्ट करा. हुमणीला मारणाऱ्या मेटारायझियम बुरशीची शिफारस हेक्टरी २० किलो आहे, म्हणजे गुंठ्याला २०० ग्रॅम. ती कुजलेल्या, ओलसर खतात मिसळून संध्याकाळी वाफ्यात घाला. तापलेल्या उकिरड्यात टाकाल तर बुरशी मरेल.

कच्च्या उकिरड्याचे काय करायचे? कुदळीने पूर्ण उलथा, ढेकळे फोडा, पाचट असेल तर वीतभर तुकडे करा. थरावर थर देताना शेणकाला शिंपडा. मुठीत दाबल्यावर बोटांत ओल जाणवावी, पण पाणी गळू नये. दर पंधरा दिवसांनी पलटी द्या. दीड-दोन महिन्यांत खत हाताशी येते. तोवर यंदाच्या लावणीला गेल्या वर्षीचे खत किंवा गांडूळखत आळ्यात दोन-दोन ओंजळी पुरे. साखर कारखान्याची ताजी मळी (उसाच्या रसाचा गाळ) आणली असेल तर तिलाही हाच नियम. ती आतून फार तापते, सहा महिने कुजवल्याशिवाय बागेत नको.

बाकी नेहमीची मापे:

- तयार शेणखत: चौरस मीटरला २ ते २.५ किलो, १० बाय ३ फुटांच्या वाफ्याला ६-७ किलो
- जीवामृत: पाणी २० लिटर, देशी गाईचे शेण १ किलो, गोमूत्र १ लिटर, गूळ २०० ग्रॅम, बेसन २०० ग्रॅम, बांधावरची मूठभर माती, सावलीत दोन दिवस, रोज दोनदा ढवळणे, आठवड्यात संपवणे
- गूळ काळपट चालतो. पिवळाधमक, पावडर मारलेला नको
- गोमूत्र: मुळाशी दहापट पाण्यातून
- चुलीची राख: वाफ्यात वेगळी, चिमूटभर, शेण-गोमूत्रात मिसळल्यास नत्र उडून जातो
- स्वयंपाकघरातला ओला कचरा: एका वाट्याला दोन वाटे वाळका पाला

कोल्हापूर जिल्ह्यातल्या गगनबावडा, राधानगरीकडच्या पावसात उघडा उकिरडा धुऊन निघतो. खालून वाहणारे चहाच्या रंगाचे पाणी म्हणजे वाहून चाललेला नत्र आणि पालाश. वर ताडपत्री टाका, भोवती वीतभर चर काढा. शिरोळ, हातकणंगल्याच्या काळ्या रानात खड्ड्यात पाणी साचून खत सडते, तिथे खड्डा न काढता जमिनीवरच ढीग लावा. आणि ढीग दोन ठेवा, एक कुजत असलेला, एक रोजच्या शेणाचा. ताजी पाटी जुन्या ढिगावर पडत राहिली तर तो पुढच्या मृगालाही कच्चाच निघेल.